उरलेली वीस वर्षं

नीट निगा राखली तर घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. शर्यतीचा घोडा दुसऱ्या वर्षी धावायला लागतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षी बहुधा निवृत्तही होतो. हौसेने मुलीसाठी घेतलेला घोडा मुलगी कॉलेजला गेली की रिकामा उभा राहतो. मोटार न बाळगणाऱ्या आमिश पंथाच्या शेतकऱ्याच्या बग्गीचा घोडा डांबरी रस्त्यावर धावून धावून पायाने अधू होतो, तेव्हा तोही जेमतेम पंधरा वर्षांचा असतो. उपयोग संपतो, आयुष्य संपत नाही. अमेरिकेत घोडा कत्तलखान्याच्या वाटेला लागतो याचं मूळ इथे आहे. ही उरलेली वर्षं कुणाच्याच हिशेबात धरलेली नसतात. मी पेनसिल्व्हेनियात घोड्यांची डॉक्टर आहे आणि माझ्या कामाचा मोठा वाटा या उरलेल्या वर्षांतल्या जनावरांचा आहे. त्यांना घर शोधून देणारा आमचा एक गट आहे.

गावी गेले की पहिला प्रश्न येतो, ‘घोडा कापतात? खायला?’ माझं गाव शहाद्याजवळचं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी भरणारा घोडेबाजार बघत मी वाढले. तिथे गिऱ्हाईक घोड्याची चाल बघतं, कान बघतं, अंगावरचे भोवरे बघतं, त्यांत शुभ मानला जाणारा देवमण शोधतं. घोड्याच्या मांसाची कल्पनासुद्धा तिथे कुणाच्या मनात येत नाही. अमेरिकन माणूसही सहसा घोडा खात नाही. पण फ्रान्स, बेल्जियम, इटली, जपान इथे ते मांस खाल्लं जातं आणि त्यांच्यासाठी अमेरिकेत २००७ सालापर्यंत तीन कत्तलखाने चालू होते, दोन टेक्ससमध्ये आणि एक इलिनॉयमध्ये. टेक्ससमध्ये घोड्याचं मांस विकायला बंदी घालणारा १९४९ चा जुना कायदा कागदावर पडून होता. २००७ च्या जानेवारीत केंद्रीय अपील न्यायालयाने तो लागू असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात इलिनॉयनेही कायदा केला आणि तिसराही कत्तलखाना बंद झाला. त्या आनंदात बरेच जण ही गोष्ट तिथेच संपली असं समजले.

गोष्ट संपली नाही, गाड्यांची दिशा बदलली. घोडे कॅनडा आणि मेक्सिकोला जाऊ लागले. अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी खात्याने २०११ साली दिलेल्या अहवालात २०१० या एका वर्षात सुमारे १,३८,००० घोडे कत्तलीसाठी सीमेपार गेल्याची नोंद आहे. नियम असा, की अठ्ठावीस तासांपर्यंत घोड्याला गाडीतून न उतरवता, चारा-पाणी न देता नेता येतं. घोडा हा कळपातला, पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला गर्दीत दाबून, अनोळखी घोड्यांच्या लाथा खात, हलत्या गाडीत तोल सावरत एवढा वेळ उभं राहावं लागतं. आता हा आकडा पुष्कळ उतरला आहे, अलीकडच्या वर्षांत तो २०,००० च्या आसपास असतो. त्यामागे दयेपेक्षा औषधाचा हात मोठा आहे. फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक इथल्या जवळजवळ प्रत्येक घोड्याला कधी ना कधी दिलं जातं. मीही रोज देते. युरोपात हे औषध मिळालेलं जनावर माणसाच्या खाण्यात चालत नाही. युरोपने औषधांच्या नोंदी मागायला सुरुवात केली आणि २०१५ पासून मेक्सिकोतून येणारं घोड्याचं मांस घेणंच थांबवलं, तेव्हा व्यापार आटला.

घोडा नामांकित असला म्हणून वाचतो असंही नाही. फर्डिनंड नावाच्या घोड्याने १९८६ ची केंटकी डर्बी ही मानाची शर्यत जिंकली, पुढच्या वर्षी तो अमेरिकेतला ‘वर्षाचा सर्वोत्तम घोडा’ ठरला. नंतर त्याला पैदाशीसाठी जपानला विकलं. त्याच्या शिंगरांना मागणी राहिली नाही आणि २००२ साली तो तिथे कत्तलखान्यात गेला. ही बातमी वर्षभराने बाहेर आली, तेव्हा इथल्या शर्यतीच्या जगाला लाज वाटली. डर्बी जिंकलेल्या घोड्याची ही गत, तर माझ्याकडे येणाऱ्या, कधीच काही न जिंकलेल्या घोड्यांना कोण विचारणार?

ते बहुतेक लिलावातून येतात. आमच्या भागात घोड्यांचे साप्ताहिक लिलाव भरतात. चांगला, स्वारासकट रिंगणात आलेला घोडा कुणीतरी घोडेस्वार घेतो. ज्याच्यावर कुणी बसलेलं नाही, ज्याची कागदपत्रं नाहीत, जो लंगडतो, तो नुसता सोडलेला येतो आणि वजनावर विकला जातो. सारंगखेड्याला देवमण शोधणारे डोळे मी पाहिलेत, म्हणून पाठीवर कृषी खात्याचा नंबर चिकटवलेला घोडा पाउंडाच्या भावाने जाताना बघणं मला आजही जड जातं. कत्तलीचे व्यापारी असे घोडे गोळा करतात आणि गाडी भरेपर्यंत एका वाड्यात ठेवतात. त्याला इथे किल पेन म्हणतात.

लोकांची दया खरी असते, पण ती इथेच वाट चुकते. किल पेनवाले आता घोड्यांचे फोटो फेसबुकवर टाकतात. अमुक तारखेपर्यंत इतके डॉलर आले नाहीत तर हा घोडा गाडीत चढेल, अशी मुदत देतात. लोक रात्री जागून पैसे जमवतात, घोडा सुटतो, सगळे रडतात. पण ती रक्कम मांसाच्या भावापेक्षा बरीच जास्त असते. व्यापाऱ्याची गाडी रिकामी जात नसते. सुटलेल्या घोड्याची जागा पुढच्या लिलावातला दुसरा घोडा घेतो आणि तो विकत घ्यायला दयाळू माणसांचाच पैसा वापरला जातो. शिवाय सोडवून आणलेला घोडा पुष्कळदा अशा माणसाच्या दारात येतो ज्याने त्याला फक्त फोटोत पाहिलेलं असतं. ना कुंपण, ना अनुभव, ना नालबंदाचा खर्च झेपण्याची तयारी. असे घोडे पुन्हा लिलावात दिसतात. माझं ठाम मत आहे, की नुसती खरेदी म्हणजे सुटका नव्हे. चांगलं घर सापडलं आणि टिकलं, तर सुटका झाली.

याच्या उलट उदाहरण म्हणून मला नेहमी स्नोमॅनची गोष्ट ऐकवतात. १९५६ च्या हिवाळ्यात हॅरी डीलेयर हा डच शेतकऱ्याचा मुलगा, मुलींच्या शाळेत घोडेस्वारी शिकवणारा, पेनसिल्व्हेनियातल्या न्यू हॉलंडच्या लिलावाला उशिरा पोहोचला. उरलेले घोडे कत्तलखान्याच्या गाडीत चढलेले. त्यातला एक नांगराच्या कामाने झिजलेला पांढुरका घोडा त्याने ऐंशी डॉलरला उतरवून घेतला. पुढे तो शेजारच्या एका डॉक्टरला विकला, तर पठ्ठ्या उंच कुंपणं ओलांडून परत आला. तेव्हा त्याची उडी हॅरीच्या लक्षात आली. दोनच वर्षांनी, १९५८ साली, स्नोमॅनने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये उडीच्या स्पर्धेचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. मला ही गोष्ट मनापासून आवडते. पण त्या गाडीत त्या दिवशी इतरही घोडे होते आणि त्यांना उडी मारता येत नसेल. मी ज्या घोड्यांसाठी घर शोधते ते त्या इतरांपैकी असतात.

असा घोडा आला की सगळ्यांत आधी त्याला वेगळं ठेवायचं. लिलावाच्या गर्दीत स्ट्रँगल्स हमखास पसरतो. त्यात जबड्याखालच्या गाठी सुजून फुटतात आणि एक घोडा सगळा तबेला आजारी पाडू शकतो. म्हणून किमान तीन-चार आठवडे बादली वेगळी, खरारा वेगळा, सांभाळणाऱ्याचे बूटसुद्धा वेगळे. मग हातांनी अंग चाचपायचं. मान, खोगिरापुढचा उंचवटा, खांद्यामागची जागा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ, अशा सहा ठिकाणी चरबी किती ते बोटांना कळतं. डॉन हेनेकी यांनी टेक्ससमध्ये १९८३ साली बसवलेली एक ते नऊची ही मोजपट्टी आता सगळीकडे वापरतात. हिवाळ्यात केस इतके दाट असतात की नुसत्या नजरेला फसायला होतं. हात घातला की खाली सांगाडा लागतो.

उपाशी घोडा दिसला की माणूस पहिल्यांदा बादलीभर दाणा पुढे करतो, आणि त्या दाण्याने घोडा मरू शकतो. बरेच दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू जाळून तग धरत असतं. अचानक पिष्टमय खुराक मिळाला की रक्तात इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. मग हृदय, फुप्फुसं, स्नायू कामच करेनासे होतात. हे लगेच होत नाही, तीन ते पाच दिवसांनी होतं. घोडा सुधारतोय म्हणून सगळे निर्धास्त झालेले असतात तेव्हा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी उपाशी घोड्यांवर वेगवेगळे खुराक देऊन पाहिले. त्यात लसूणघास सर्वांत सुरक्षित ठरला, कारण त्यात पिष्ट कमी आणि प्रथिनं, फॉस्फरस, मॅग्नेशियम भरपूर. तोही पोटभर नाही. दर चार तासांनी थोडा, रात्रीसुद्धा, आणि दहाएक दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचा. जंताचं औषधही शरीर जरा सावरल्यावर. मग दात कानसून घ्यायचे, खूर छाटायचे, घोडी असेल तर गाभण आहे का ते पाहायचं. घोडी अकरा महिने गाभण असते आणि लिलावातून आलेल्या कितीतरी घोड्या पोटात शिंगरू घेऊन आलेल्या असतात. अंगावर पूर्ण मांस भरायला कित्येक महिने लागतात. या रात्रीच्या पाळ्या करणारे स्वयंसेवक माझ्या लेखी या कामाचा कणा आहेत. त्यांत नोकरी करून येणारी माणसं आहेत, शाळकरी मुलं आहेत.

तब्येत सुधारली की स्वभाव कळतो. आजारी, उपाशी घोडा गरीब दिसतो. पोट भरलं की तो खरा कसा आहे ते दिसतं. लिलावात गुंगीचं किंवा वेदनाशामक औषध देऊन आणलेला घोडा शांतही वाटतो आणि लंगडतही नाही. म्हणून घर शोधण्याआधी त्याला आमच्याकडे महिना-दोन महिने वागवून पाहावं लागतं. नवशिक्या स्वाराला नवशिका घोडा द्यायचा नाही, हा नियम मोडायला मी कुणालाही देत नाही, समोरचं कुटुंब कितीही प्रेमळ असो. घर पाहायला आम्ही जातो. कुंपणाला काटेरी तार आहे का, पाणी हिवाळ्यात गोठतं का, जवळ दुसरा घोडा आहे का, नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी येणार का. एकट्या घोड्याला नुसतं कुरण दिलं तर तो झुरतो. करारात एक कलम पक्कं असतं. घोडा सांभाळता येईनासा झाला तर विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, आमच्याकडे परत आणायचा. कारण विचारणार नाही आणि दोष देणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. नोकऱ्या जातात, घटस्फोट होतात, माणसं आजारी पडतात. परतीचं दार उघडं असेल तर त्या अडचणीत घोडा लिलावात जात नाही.

घर म्हणजे कुटुंबच हवं असं नाही. थरोब्रेड रिटायरमेंट फाउंडेशनने १९८४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल इथल्या तुरुंगाच्या जमिनीवर निवृत्त शर्यतीचे घोडे ठेवले आणि कैद्यांना त्यांची देखभाल शिकवली. पुढे इतर राज्यांतल्या तुरुंगांतही असे तबेले उभे राहिले. घोड्याला रोज ठरल्या वेळी हात लावणारा माणूस मिळाला आणि माणसाच्या हाताला कसब. ही योजना मला दोन्ही बाजूंनी पटते.

आता अप्रिय भाग. प्रत्येक घोड्याला घर मिळत नाही आणि प्रत्येकाला ते द्यावंही नाही. डॉरोथी ब्रुक ही इंग्रज बाई १९३० साली कैरोला गेली, तेव्हा पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेबरोबर आलेले घोडे तिथेच विकले गेले होते आणि बारा वर्षांनंतरही रस्त्यावर, खाणींत ओझी ओढत होते. तिने मायदेशातल्या वृत्तपत्रात पत्र लिहून पैसे जमवले आणि तीन वर्षांत पाच हजार घोडे विकत घेतले. त्यांतले बहुतेक इतके मोडलेले होते, की काही दिवस सावली, गवत आणि मऊ बिछाना देऊन तिने त्यांना शांतपणे मरण दिलं. १९३४ मध्ये तिने कैरोत घोड्यांचं मोफत इस्पितळ उघडलं. त्यातून वाढलेली ब्रुक ही संस्था आज भारतातही वीटभट्ट्यांवरच्या घोड्या-खेचरांसाठी काम करते. खुराचं हाड फिरून तळव्यातून खाली आलेल्या घोड्याला मी इंजेक्शन देते, तेव्हा मीही त्याची सुटकाच करत असते असं मी मानते. मालकाने स्वतः उभं राहून, ओळखीच्या हाताने, स्वतःच्या तबेल्यात दिलेलं मरण आणि अठ्ठावीस तासांच्या प्रवासाच्या शेवटी येणारं मरण यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण इथे घोड्याला इंजेक्शन देऊन पुरण्याचा खर्च शेकडो डॉलरवर जातो आणि लिलावात उलट चार पैसे मिळतात. गरीब मालक कुठे वळणार हे उघड आहे. म्हणून आम्ही वर्षातून काही दिवस हे काम मोफत करतो. या कामाला देणगी मिळवणं सर्वांत कठीण, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

मला वाटतं, पैसा आणि श्रम लिलावाच्या शेवटच्या दारापेक्षा मालकाच्या पहिल्या दारात घालावेत. हिवाळ्याच्या तोंडी ज्याच्याकडे गवत संपलं आहे त्याला दोन महिन्यांचं गवत पोहोचवलं, तर घोडा जागचा हलतही नाही. अंडील शिंगरं मोफत खच्ची करून दिली, तर पुढच्या वर्षी नको असलेली शिंगरं जन्मत नाहीत. न शिकवलेल्या घोड्याला खोगीर-लगामाची सवय लावून दिली, तर त्याला वजनाखेरीज काही किंमत येते. आणि कत्तलीसाठी होणाऱ्या निर्यातीवर बंदी घालणारा कायदा संसदेत पुन्हा पुन्हा मांडला गेला आहे, पण अजून मंजूर झालेला नाही. तो व्हायलाच हवा. पण तो झाल्यावरही उरलेल्या वर्षांचा भार कुणीतरी उचलावा लागेल.

हा अंक अमेरिकेतल्या मराठी घरांतही जातो आणि त्यांतल्या काहींकडे एकर-दोन एकर जागा आहे हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे सध्या नांगराच्या कामातून सुटलेले दोन बेल्जियन घोडे आहेत, एक डाव्या डोळ्याने आंधळा. दोघांनी वर्षानुवर्षं एकाच जोखडात काम केलं आहे, त्यांना वेगळं करायचं नाही. स्वारीला उपयोगी नाहीत, खातात भरपूर, छपराला उंच दार लागेल. मुलांजवळ अतिशय शांत आहेत. थंडी कडक होण्याआधी एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन या, त्यांना चारा घालून बघा आणि मग ठरवा.