जासुदाची वाट

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, तो डोंगरावर राहणारा नसावा आणि डोंगराला सर्वस्वी परकाही नसावा, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण परक्याला त्या साजरेपणाचा संशय येत नाही, आणि डोंगरवासीयाला तो न्याहाळण्याची फुरसत नसते. आम्हा नेरूळकरांच्या वाट्याला पारसिकची रांग येते, तीही इमारतींच्या फटींतून. आणि येथील हिवाळा असा की कानटोपी ही गरज नसून हौस ठरावी. अशा मुलखात बसून, डिसेंबरात सिंहगडाहून राजगडावरून तोरण्यापर्यंत सुमारे 53 किलोमीटरच्या शर्यतीत धावणाऱ्यांविषयी मत बनवणे हा अधिकारातिक्रमच होय. राजगडाच्या अळू दरवाज्यातून उतरून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी डोंगराची ती चिंचोळी सोंड, गवतावरचे दव, पायांखालून निसटणारा घसारा आणि दऱ्यांतून वर चढणारा बोचरा वारा यांची मी केवळ कल्पनाच करू शकतो.

परंतु कल्पना धावणाऱ्यांपाशी न थांबता एका निनावी जासुदापाशी जाऊन बसते. फेब्रुवारी 1670 मध्ये कोंढाणा, म्हणजेच आजचा सिंहगड, सर झाल्यावर मावळ्यांनी गडावरची घरे पेटवली आणि तो उजेड राजगडावरून पाहून शिवाजी महाराजांनी फत्ते ओळखली, असे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेली सभासदाची बखर सांगते. हल्ल्याचा म्होरक्या तानाजी पडल्याचे वर्तमान मात्र दुसऱ्या दिवशी जासुदाने आणले. तो पायीच आला, असे मी धरून चालतो. म्हणजे त्या रात्री डोंगर दुरून खरोखरच साजरा दिसला, आणि उरलेला मजकूर कुणाच्या तरी पायांनी यावा लागला.

येथे म्हण सिद्ध झाली असे म्हणून लेखणी ठेवावी, तर उजेडही खोटा नव्हता: गड आलाच होता. शिवाय थंडीत कातळ चाचपत आलेल्या त्या जासुदाला डोंगर तरी कितीसा दिसला असेल? धारेवर धावणाऱ्याची दृष्टी पुढल्या पावलापलीकडे जाऊ लागली तर तो पडायचाच. मग डोंगर यथार्थ पाहायचा कुणी आणि किती अंतरावरून? दूर राहणाऱ्याला हिणवणारी ही म्हण जवळ गेलेल्याच्या बाजूने तरी साक्ष देते काय, याची मला आता पूर्वीइतकी खात्री उरलेली नाही.