नामंजूर घरटी

सुगरणीचं घरटं शोभेला टांगलेलं पुष्कळांनी पाहिलेलं असतं. विणलं जाताना फार थोड्यांनी. मला तो योग आला जुन्नरकडे, मामांच्या मळ्यात, आषाढ सरताना. विहिरीवर झुकलेल्या बाभळीला घरटी लोंबत होती. काहींना खाली लांब नळी, तर काही निम्म्यावरच थांबलेली. मामा म्हणाले, "ती मोडलेली नाहीत गं, नामंजूर झालीत." मग मी दुर्बीण घेऊन मोटारीच्या खोलीशी बसूनच राहिले.

विणणारा नर असतो. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती पिवळीधमक, चेहरा काळपट. मादी अगदी चिमणीसारखी, साधी. नर शेजारच्या उसात उतरला. पानाच्या कडेला त्यानं चोचीनं खाच पाडली, ती कडा घट्ट धरली आणि उडाला. त्याच्या उडण्यानंच पान चिरत गेलं आणि लांबलचक धांदोटी हाती, म्हणजे चोचीत आली! फांदीवर तिचं टोक त्यानं पायाखाली दाबलं, दुसरं टोक फिरवून आत ओवलं आणि ओढून गाठ आवळली. आधी असा लोंबता देठ, त्यातून उभं कडं, मग कड्याच्या एका बाजूला घुमट. एका घरट्यासाठी अशा शेकडो खेपा होतात.

घुमट झाला, की काम थांबतं. नर खालून लटकतो, पंख फडफडवतो, चिरचिर करून माद्यांना बोलावतो. एक मादी आली, आत शिरली, इकडेतिकडे काड्या ओढून पाहिल्या आणि निघून गेली. दुसऱ्या घरट्यात मात्र ती रमली. तेव्हा कुठे तिथल्या नरानं अंड्यांची खोली बंद करून नळी विणायला घेतली. पसंतीआधी सगळी मेहनत खर्ची घालायची नाही, असा हा चोख हिशेब.

सलीम अलींनी हा सगळा व्यवहार 1930 साली अलिबागजवळच्या किहीमला बारकाईनं टिपला आणि पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. एक घरटं मादीनं पत्करलं, की नर दुसरं बांधायला घेतो आणि नव्या मादीला साद घालतो. अंडी उबवणं मात्र मादीच्याच वाट्याला.

आजी सांगायची, सुगरण घरट्यात चिखल लावून त्यात काजवे चिकटवते, रात्री उजेड हवा म्हणून. काजवे दिसले नाहीत, पण पाटातला ओला चिखल चोचीत आणून घुमटाला आतून थापणारा नर दिसला. वाऱ्यात घरटं फार हेलकावू नये म्हणून हे वजन, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. वाऱ्याचा विचार जागेतही होता: बहुतेक घरटी झाडाच्या पूर्वेच्या अंगाला, पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला. शिवाय खाली पाणी, भोवती काटे आणि तोंड खालच्या बाजूला. सापा-मांजरांना चढाई अवघडच.

हंगाम सरला, तरी मामा ती घरटी काढू देत नाहीत. रिकाम्या घरट्यांत कधी मुनिया येऊन राहतात. तुमच्याकडे विहिरीवर, ओढ्याकाठी सुगरणी असतील, तर आषाढ-श्रावणात सकाळी जरा लांब बसून पाहा. आणि नजर अर्ध्या घरट्यावर ठेवा, कारण कारागीर हमखास भेटतो तो तिथंच.