बंद स्क्रीन, उघडं झाकण

विंडोजचं बटण आणि 'पी' एकत्र दाबलं की स्क्रीनच्या कडेला चार पर्याय येतात. फक्त लॅपटॉपवर दिसू दे, दोन्हीकडे तेच दिसू दे, दोन्ही मिळून एक मोठा स्क्रीन कर, आणि सगळ्यात शेवटी 'सेकंड स्क्रीन ओन्ली'. गेली काही वर्षं मी हा शेवटचाच निवडतोय. माझ्या टेबलावर मॉनिटर चालू असतो आणि त्याच्या डावीकडे ऑफिसचा लॅपटॉप, झाकण सताड उघडं आणि स्क्रीन काळाकुट्ट. घरी कुणी आलं की विचारतंच, "बिघडला काय रे?"

सांगायला माझ्याकडे तीन कारणं तयार आहेत.

पहिलं, मान. दोन्ही स्क्रीन चालू असले की एकावर कोड आणि दुसऱ्यावर चॅट. चॅटमध्ये जरा काही हललं की मान तिकडे. संध्याकाळपर्यंत मानही गेलेली आणि डोकंही.

दुसरं, लाईट. लॅपटॉप मिटून नुसत्या मॉनिटरवर काम करता येतं, पुण्यात ऑफिसमध्ये सगळे तसंच करायचे. पण रत्नागिरीत पावसाळ्यात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं, त्यानंतर आम्ही इन्व्हर्टर घेतला. पण तो पंखा, दोन दिवे आणि राउटर यांच्यापुरताच. मॉनिटर लाईटबरोबर जातो. झाकण मिटलेलं असेल तर पाठोपाठ लॅपटॉपही झोपतो आणि आपण भर मीटिंगमधून गायब. झाकण उघडं असेल तर मॉनिटर गेल्यावर सेकंदाभरात लॅपटॉपचा स्क्रीन आपोआप उजळतो.

तिसरं कारण बाबांचं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं एकेका शब्दावर आलं. एकदा मिटलेला लॅपटॉप विमानासारखा घोंघावत होता. पंख्याची गरम हवा बिजागराजवळून बाहेर पडते आणि झाकण मिटलेलं असलं की तिला नीट वाट मिळत नाही, हे मला इंजिनिअर असून सुचलं नव्हतं. बाबांनी खाटेवरून डावा हात वर केला आणि म्हणाले, "बॉनेट." मी झाकण उघडलं. थोड्या वेळात घोंघावणं थांबलं. बाबांच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी कामावरचं समाधान दिसलं.

इथवरचं मी कुणालाही सांगतो. पुढचं सांगत नाही.

२०२२ मध्ये कंपनीने परत बोलावलं, तेव्हा मी ती नोकरी सोडली आणि कमी पगारावर घरून काम करता येईल अशी दुसरी धरली. आई एकटी किती बघणार? नातेवाइकांत माझं फार कौतुक झालं. आत्या अजून फोनवर 'आमचा श्रावणबाळ' म्हणते. मलाही ते ऐकायला आवडायचं.

आता हा श्रावणबाळ बसायचा कसा, ते सांगतो. राउटर आणि प्लग पुढच्या खोलीत, म्हणून माझं टेबलही तिथेच, भिंतीकडे तोंड करून. बाबांची खाट माझ्या पाठीमागे. कानात हेडफोन, बाहेरचा आवाज पूर्ण बंद करणारे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात मागची खाट यायची, म्हणून मी कॉलवर मागचं सगळं धूसर करायचो. नऊ तास बाबांकडे पाठ, आणि कॅमेऱ्यात बाबा म्हणजे एक फिकट निळा डाग. तरी मी मनात हिशोब मांडायचो की आज दिवसभर बाबांजवळ होतो.

माझ्या लॅपटॉपचा स्क्रीन टचवाला आहे, काचेसारखा चकचकीत. बंद असला की त्यात खोली दिसते. बरेच दिवस मला फक्त माझा खांदा आणि मागची खिडकी दिसत होती, कारण मी तेवढंच बघत होतो. एका दुपारी कॉलवर कुणीतरी लांबण लावली होती आणि माझी नजर डावीकडे गेली. काळ्या काचेत बाबांचा डावा हात वर आला. ते माझ्या पाठीकडे बघत होते. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि पांघरुणावर ठेवला.

मी हेडफोन काढून वळलो. त्यांना पाणी हवं होतं. तांब्या हाताला लागेल इतकाच लांब होता, पण उजव्या बाजूला.

पाणी पाजताना विचारलं, "बाबा, हाक का नाही मारलीत?"

"काम," ते म्हणाले आणि माझ्या टेबलाकडे बघितलं.

असा हात किती वेळा वर येऊन खाली गेला असेल, याचा मी हिशोब करायला गेलो आणि मधेच सोडून दिला.

शाळेत असताना आमची सहल थिबा पॅलेसला जायची. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षं माणूस रत्नागिरीत, पण मन मंडालेत असणार, असं मला तेव्हा वाटायचं. त्याला निदान कुणी बळजबरीने आणलं होतं. मी स्वतःच्या हौसेने आलो होतो, आणि दिवसभर पुण्यात राहत होतो.

पुढच्या रविवारी वायरमनला बोलावून समोरच्या भिंतीवर नवा प्लग घेतला. टेबल फिरवलं. मॉनिटर मधे यायला लागला म्हणून तो उजवीकडे सरकवला, आता मान थोडी तिरकी होते. तांब्या डावीकडे आला. माझ्यामागे आता नुसती भिंत आणि कॅलेंडर, त्यामुळे धूसर करायचं काही उरलं नाही. आईने एवढंच विचारलं, "हे आधीच का नाही केलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लॅपटॉपचा स्क्रीन अजून बंदच ठेवतो. त्यात आता मी आणि भिंत दिसतो, तिकडे फारसं लक्ष जात नाही.

सगळं बदललं असं मात्र नाही. डेडलाईन असते, कॉल असतात, चिडचिड होते. पण बाबांचा हात वर आला की दिसतो. लगेच उठता येण्यासारखं नसेल तर मी दोन बोटं दाखवतो, म्हणजे दोन मिनिटं. बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. दोनाची पाच झाली की पुन्हा हात वर करतात, आणि आता तो खाली घेत नाहीत.