हिंदुरावाच्या शोकसभेत

१३ जुलै २००९ रोजी पुण्यात अभिनेते निळू फुले निवर्तले आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या दिवाणखान्यात त्यांच्या चाहत्यांनी शोकसभा भरवली. त्या सभेतून मी जो परतलो तो एक सल घेऊनच, आणि तो अद्याप निघालेला नाही.

सभेला गर्दी उदंड होती. परंतु बोलायला उठणाऱ्या दहांपैकी सात जणांनी आवाज घोगरा करून, डोळे तिरके करून, ‘बाई, वाड्यावर या’ हे नकलाकारांनी घरोघर पोहोचविलेले वाक्य म्हणून दाखविले आणि प्रत्येक वेळी सभागृहात हशा पिकला. ज्या मनुष्याने राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात अभिनयाचे पहिले धडे गिरवले, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केले, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव मिळविले आणि १९६८ सालच्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेले अण्णाने पडद्यावर पाय रोवले, त्याचे सारे आयुष्य एका नकलेत मावते, असे मानणाऱ्यांचा मला मनापासून संताप आला. खेड्यापाड्यांतील बायाबापड्या त्यांना समोर पाहून शिव्याशाप देत, हे सर्वश्रुत आहे. त्या शिव्यांत निदान त्यांच्या अभिनयावरचा पूर्ण विश्वास होता. नकलेत तोही उरत नाही. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये रंगभूमीवर त्यांनी उभा केलेला रासवट, पण स्वतःच्या नियमांना जागणारा सखाराम, किंवा ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस, जो सत्तेचा सारा बाजार उघड्या डोळ्यांनी पाहतो आणि अखेर भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो, यांचे नावदेखील कोणी काढले नाही. तरुणांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, निळूभाऊंची आठवण काढायची असेल तर ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे दोन चित्रपट लागोपाठच्या दोन रात्री पहावेत आणि मगच तोंड उघडावे. दोन्ही जब्बार पटेलांचे, दोन्हींची पटकथा तेंडुलकरांची, दोहोंत समोर डॉक्टर लागू. आणि एकाच नटाने एकदा सत्ताधीश व एकदा त्या सत्तेचा हताश साक्षीदार व्हावे, हा योग आपल्या चित्रपटसृष्टीत फार वेळा आलेला नाही.

‘सामना’शी माझा संबंध मात्र निव्वळ रसिकाचा नाही.

माझे वडील आमच्या भागातल्या एका सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. उसाची गाडी एकदा भरलेली आणि एकदा रिकामी तोलायची आणि दोहोंतली तफावत शेतकऱ्याच्या नावे लिहायची, एवढेच ते काम. पण त्या एका आकड्यावर कुटुंबाचे वर्ष अवलंबून असे. १९७४च्या गळीत हंगामात त्यांना वरून तोंडी सूचना आली की गाडीमागे थोडे वजन कमी धरावे. आमच्याकडे याला काटा मारणे म्हणतात. काटा दाखवील तेच मी लिहीन, असे वडिलांनी सांगितले आणि पंधरा दिवसांच्या आत चौकशी लागली ती त्यांचीच. नोंदवहीत खाडाखोड करून कारखान्याचे नुकसान केले, असा आरोप ठेवण्यात आला. सात तारखा पडल्या आणि प्रत्येक तारखेस धुतलेले धोतर नेसून, छत्री घेऊन, चार कोस चालत ते दप्तरात हजर राहिले. पैकी पाच वेळा संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून काम तहकूब झाल्याचे शिपायाकरवी सांगण्यात आले. सहाव्या तारखेस त्यांचा एकमेव साक्षीदार आला. ज्याच्या गाडीवरून हा सारा वाद निघाला, तोच तो शेतकरी. त्याने आपल्याला काही स्मरत नाही असा जबाब दिला, अंगठा उठवला आणि वडिलांकडे न पाहता निघून गेला. मी त्या मनुष्याचा पुष्कळ वर्षे द्वेष केला. वडिलांनी कधी केला नाही. त्याचा दोन एकर ऊस रानात उभा होता, तोडीची चिठ्ठी कारखान्याच्या हातात होती, आणि तोड महिनाभर लांबली की ऊस वाळून वजन आपोआप घटते, हे ते जाणून होते. सातव्या तारखेस बडतर्फीचा हुकूम हाती पडला. त्याखाली चेअरमनसाहेबांची सही होती.

त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी गावच्या यात्रेत तंबूत ‘सामना’ लागला. एरवी सिनेमाच्या वाटेला न जाणारे वडील मला घेऊन गेले, आणि दुसऱ्या व तिसऱ्या रात्री एकटेच गेले. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर आला तेव्हा बायकांच्या बाजूने नेहमीप्रमाणे बोटे मोडली गेली, पण थोड्याच वेळात तीही थांबली. कारण हा मनुष्य ओरडत नव्हता, डोळे वटारत नव्हता. कारखाना, शाळा, माणसे, सारे आपणच उभे केले आहे असे मानणाऱ्या आणि नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले या, डॉक्टर लागूंच्या मास्तराने विचारलेल्या एका प्रश्नाने हळूहळू आतून पोखरल्या जाणाऱ्या त्या मनुष्याविषयी माझ्या बालमनास, आता लिहावयास संकोच वाटतो, परंतु प्रेम वाटले. परतताना वडील पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. ओढ्यापाशी आल्यावर म्हणाले, “त्यानं रस्त्यावरच्या मास्तरला घरी नेलं रे, जेवू घातलं. मला ह्यांनी सात तारखांत चहासुद्धा विचारला नाही.”

शोकसभेचे अध्यक्षस्थान त्याच माजी चेअरमनसाहेबांकडे होते. वय ऐंशीच्या पुढे, दोघांनी धरून आणलेले. ते म्हणाले की निळूभाऊंनी आमच्या पिढीला आरसा दाखवला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मला दोन मिनिटे देण्यात आली होती. मारुती कांबळेचा प्रश्न मी विचारणार, काट्यावरच्या कारकुनाचे नाव घेऊन विचारणार, असा निर्धार करून मी उठलो, समोर त्या थरथरत्या हातांकडे पाहिले, आणि दिगू टिपणिसावर चार वाक्ये बोलून खाली बसलो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. ते नाटक नव्हते, हे मला शपथेवर सांगावे लागेल. आणि तेच मला अधिक छळते.

सभा संपल्यावर त्यांनी मला हाताने खुणावले. बराच वेळ चेहरा न्याहाळून विचारले, “तुम्ही काट्यावरच्या भाऊंचे का?” मी होय म्हणालो. ते मान हलवीत राहिले. ओठ एकदा उघडले, पण शब्द आला नाही. मग मुलाला म्हणाले, “यांना चहा द्या.”

कप माझ्या हातात दिला गेला. वडिलांना जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. मी उभ्यानेच तो चहा प्यालो, सगळा प्यालो, आणि रिकामा कप कोठे ठेवावा हे न कळून तो हातात धरून तसाच उभा राहिलो.