खुब्यातनं वाक

चिपळूण तालुक्यातल्या आमच्या गावात वाकून काम करणाऱ्याचं दुखणं कधी दुखणं म्हणून धरलंच नाही. ताप आला तर माणूस आजारी. कंबर दुखते म्हटलं की, “लावणीत कोणाची दुखत नाय?” एवढंच उत्तर.

लावणी म्हणजे काय, ते ज्यानं केली त्यालाच ठाऊक. पेरल्यापासून 21 ते 25 दिवसांत रोप तयार होतं. मग डोक्यावर पाऊस, पाठीवर इरलं, पिंढरीपर्यंत चिखल, आणि डाव्या हातात रोपाची मूठ. दोन-तीन काड्या चिमटीत धरायच्या, चिखलात खोचायच्या आणि मागं सरकायचं. सकाळच्या भाकरीपासून दिवस मावळेपर्यंत.

मी नववीत होते त्या वर्षी लावणीच्या मध्यावर आई एका सकाळी अंथरुणातून उठेना. कुशीवर वळायचं म्हटलं तरी कळ यायची. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड ठीक आहे म्हणाले, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “वाकू नका.” घरी आल्यावर आई म्हणाली, “मग भात काय उभ्यानं लावू?”

खरी अडचण होती सावडीची. दुसऱ्या घरच्या बाया आमच्या खाचरात उतरून गेल्या होत्या आणि आमच्याकडून 6 दिवसांचं देणं बाकी होतं. सावड पैशानं फिटत नाही, माणसानंच फेडावी लागते. आई गेली नाही तर तिच्या जागी कोण, हे कोणी बोललं नव्हतं. पण माझ्या दप्तराकडे दोन-तीनदा नजर गेलेली मी पाहिली होती.

आजीनं सत्तरी ओलांडली होती. आयुष्यभर लावणी करूनही तिची पाठ ताठ होती. दोन दिवस तिनं आईला पडू दिलं. तिसऱ्या दिवशी पडवीत उभं केलं आणि म्हणाली, “वाक बघू.”

आई वाकली. गुडघे ताठ, पाठीची कमान.

“अगो, कमरेतनं नको. खुब्यातनं वाक. ढुंगण मागं जाऊ दे, गुडघे सैल सोड.”

“आत्याबाय, पोरं हसतील.”

“हसू देत. त्यांची कंबर त्यांच्याजवळ.”

मग एकेक गोष्ट आली. एक पाय थोडा पुढं ठेवायचा आणि थोड्या थोड्या वेळानं पाय बदलायचा. मूठ धरलेला डावा हात मांडीवर टेकवायचा, म्हणजे धडाचा भार एकट्या पाठीवर येत नाही. रोपाच्या मुठी आधीच खाचरात जवळ जवळ टाकून ठेवायच्या. लांबची मूठ घ्यायला कमरेत पिळायचं नाही, पाय उचलून वळायचं. आणि पात लागली की उभं राहून दोन्ही तळवे कमरेवर ठेवायचे आणि हळू मागं झुकायचं, चार श्वास होईपर्यंत. बाया म्हणायच्या, म्हातारी आभाळ बघते. ती आभाळ नव्हती बघत, पाठ सोडवत होती.

शेवटची ताकीद सगळ्यात महत्त्वाची होती: “वाकून वाकून झाल्यावर लगेच भारा उचलायचा नाय. आधी चार पावलं चाल.”

या बोलण्यामागचं शास्त्र मला फार पुढं, नोकरीच्या खुर्चीत माझीच मान धरली तेव्हा कळलं. व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं, की बराच वेळ वाकून राहिलं की मणके बांधून ठेवणारे तंतू ताणून सैल पडतात. त्याच घडीला जड उचललं तर लचक भरण्याचा धोका वाढतो. मणक्यांमधल्या गादीला थेट रक्त फारसं मिळत नाही, हालचालीनंच तिचं पोषण चालतं. म्हणून एकच बैठक, मग ती कितीही नीट असो, फार वेळ धरू नये. त्यांनी आणखी एक सांगितलं, ते आजीच्या बोलण्यात नव्हतं. कळ पायात उतरली, पाय बधिर झाला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

आई त्या वर्षी आधी अर्धा अर्धा दिवस गेली. 6 दिवसांची सावड तिनं लावणी संपेस्तोवर फेडली आणि माझी शाळा बुडली नाही. दुखणं पार गेलं असं नाही. पाऊस लागला की कंबर बोलायचीच, पण तिनं पुन्हा अंथरूण धरलं नाही.

अंगाला वळण लावून निम्मं काम होतं, उरलेलं अवजारानं होतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा घरात आला, तेव्हा कापणीत हिसका मारणं थांबलं. करवतीसारखा नुसता ओढला की काम होतं, त्यामुळे मनगट आणि खांदा वाचतो. नेरळकडून आलेल्या सगुणा भात तंत्रात तर गादीवाफ्यावर भोकं पाडून बियाणं टोकतात. चिखलणी नाही, लावणीही नाही. आमच्या वाडीत दोघांनी ते केलं आहे. बाकीचे अजून बांधावर उभे राहून बघतात.

आई आता लावणीला जात नाही. परसात भाजीची बेणणी करते, तीही पाटावर बसून, मधून मधून उठून. परवा भावजय पाण्याची कळशी उचलायला वाकली, तशी पडवीतून आईची हाक आली, “अगो, खुब्यातनं!”