गिरगावात लपलेलं गाव

मुलांनो, मुंबईत एक गाव लपून बसलंय, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर? 'काहीतरीच काय!' असंच म्हणाल ना? माझी सातवीतली भाचीसुद्धा अगदी तसंच म्हणाली. ती राहते दादरला, नवव्या मजल्यावर.

"मामा, मुंबईत गाव कुठून येणार? इथे जरा मोकळी जागा दिसली की चारी बाजूंनी पत्रे ठोकतात आणि आत क्रेन उभी राहते!"

"मग चल तर. दाखवतोच तुला," मी म्हटलं.

एका रविवारी सकाळी आम्ही दादरला लोकल पकडली आणि चर्नी रोडला उतरलो. (आता भुयारी मेट्रोनेही गिरगावात जाता येतं बरं का!) स्टेशनबाहेर पडून जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर आलो. बसगाड्या, टॅक्स्या, हातगाड्या, दुकानांच्या पाट्या, माणसांची गर्दी. भाचीने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू विचारत होती, 'हेच का तुमचं गाव?' मी काही बोललो नाही. तिचा हात धरून एका बोळात वळलो. वीस-पंचवीस पावलं चाललो असू-नसू, तोच ती थबकली.

"मामा, आवाज कुठे गेला?"

खरंच! रस्त्यावरचा सगळा गोंगाट कुणीतरी दार लोटून बंद करावा तसा मागे राहिला होता. एक मांजर कठड्यावर झोपलं होतं. कुठूनतरी फोडणीचा वास येत होता. आणि समोर होती लाकडी, कौलारू, एकमजली-दुमजली घरं. कुणाचा रंग पिवळा, कुणाचा निळा, कुणाचा लाल. ही आहे खोताची वाडी!

घरं कशी, तर अशी

या घरांकडे नीट पाहिलं, तर ती आपल्याशी बोलतात. छपरं उतरती आणि कौलारू. का बरं? मुंबईचा पाऊस! सपाट छपरावर पाणी साचलं असतं. उतरत्या कौलांवरून ते झरझर वाहून जातं. जोतं जमिनीपासून उंच, म्हणजे बोळात पाणी भरलं तरी घरात शिरत नाही. दारांवर आणि खिडक्यांवर नक्षीदार लाकडी जाळ्या. खिडकी बंद असली तरी त्यातून वारा खेळत राहतो. पंखे नव्हते, त्या काळातली ही युक्ती.

भाचीला सर्वांत गंमत वाटली ती जिन्यांची. काही घरांचे जिने घराच्या बाहेरूनच वर जातात. त्यामुळे आतली जागा वाचते, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसांना खालच्यांच्या घरातून जावं लागत नाही.

आणि प्रत्येक घराला पुढे व्हरांडा. हा व्हरांडा धड घरातही नाही आणि धड रस्त्यावरही नाही. तिथे बसून भाजी निवडता येते, पेपर वाचता येतो आणि बोळातून जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशीही करता येते!

वाडी कुणाची? खोताची!

पूर्वी सरकारसाठी शेतसारा गोळा करणाऱ्याला खोत म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीस इथली जमीन दादोबा वामन खोत यांच्याकडे होती. ते पाठारे प्रभू समाजाचे. हा समाज मुंबईतल्या फार जुन्या रहिवाशांपैकी एक. खोतांनी आपल्या जमिनीचे लहान लहान तुकडे लोकांना घरं बांधायला दिले. त्यात बरीच कुटुंबं ईस्ट इंडियन ख्रिस्ती होती. खोत गेले, पण नाव राहिलं.

गिरगावात अशा वाड्या पुष्कळ. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी... नावं ऐकूनच कळतं ना, की इथे एके काळी काय होतं? झाडं, बागा, गोठे! मुगभाट या नावातलं 'भाट' म्हणजे माडांची किंवा झाडांची बाग. गिरगाव हे नावसुद्धा गिरीच्या, म्हणजे मलबार टेकडीच्या पायथ्याचं गाव म्हणून पडलं, असं सांगतात. म्हणजे बघा, गाव आधी होतं. शहर मागाहून आलं!

ईस्ट इंडियन म्हणजे कोण?

"मामा, ईस्ट इंडियन म्हणजे बंगालकडचे का?" भाचीने विचारलं. प्रश्न बरोबर होता, उत्तर मात्र चूक! ईस्ट इंडियन हे मुंबई, साष्टी, वसई या भागातलेच मूळचे लोक. १५३४ मध्ये वसईच्या तहाने मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. त्या काळात इथले अनेक कोळी, शेतकरी आणि इतर लोक ख्रिस्ती झाले. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि मुंबई इंग्रजांना चक्क आंदण म्हणून मिळाली. इंग्रजांनी १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली. नंतर गोव्याहून आणि मंगळूरहूनही ख्रिस्ती लोक नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले. आपण इथले मूळचे, हे वेगळं कळावं म्हणून या लोकांनी १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. त्यांची जुनी बोली कोणती, सांगा पाहू? मराठी! थोडी आगरी-कोळी ढंगाची, मधूनच पोर्तुगीज शब्द पेरलेली. पण पोर्तुगीज शब्द तर आपणही रोज बोलतो. पाव, बटाटा, चावी आणि बाबांचा पगार हे सगळे पोर्तुगीजांकडूनच आलेले पाहुणे. ते आता इतके घरचे झालेत, की पाहुणे वाटतच नाहीत.

ईस्ट इंडियन लग्नात 'उंबराचं पाणी' नावाचा विधी असतो. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जायचं आणि पाणी आणायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे पापड-कुरडया होतात, तसा त्यांच्याकडे वर्षाचा मसाला होतो. वीस-पंचवीस जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, कुटून तो गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरतात. म्हणून त्याचं नावच बाटली मसाला! सणाला फुगे तळतात. फुगे म्हणजे हवेचे नव्हेत हं, मैद्याचे! आंबवलेल्या पिठाचे गोळे तेलात टम्म फुगतात.

वाडीत एक छोटंसं प्रार्थनास्थळ आहे, १८९९ सालचं. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली होती. हजारो माणसं गेली, लाखो शहर सोडून पळाली. त्या साथीच्या आठवणीचे क्रूस मुंबईच्या अनेक जुन्या वाड्यांत आजही दिसतात. डिसेंबरात खोताच्या वाडीत नाताळचे रंगीत कंदील लागतात. आणि इथून जवळच, केशवजी नाईकांच्या चाळीत, १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. दोन्ही सण एकाच गिरगावचे!

"हे म्युझियम नाही हं!"

एका निळ्या घरापुढे भाची थांबली. तिला जिन्याचा फोटो हवा होता. व्हरांड्यात एक आजीबाई खुर्चीत बसल्या होत्या. भाचीने विचारलं, "आंटी, फोटो काढू का?"

"काढ की," आजी म्हणाल्या. "विचारलंस ते बरं केलंस. लोक येतात, खिडकीतून आत डोकावतात. वाळत घातलेल्या कपड्यांचेसुद्धा फोटो काढतात. अगं, हे म्युझियम नाही हं! आम्ही राहतो इथे."

भाची जरा ओशाळली. मग धीर करून तिने विचारलं, "अशा छान घरात राहायला मज्जा येत असेल ना?"

आजी हसल्या. "मज्जा येते ना. पण पावसाळ्याआधी कौलं परतायला माणूस शोधायचा, तेव्हा तू ये! लाकडाला वाळवी लागते. जुनं काम जाणणारा सुतार मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी परवडत नाही. मुलं परदेशी. घर सुंदर आहे, पण ते रोज काहीतरी मागतं."

मुलांनो, इथेच या वाडीची खरी गोष्ट सुरू होते.

पासष्ट वजा किती?

एके काळी खोताच्या वाडीत अशी ६५ घरं होती. आज त्यातली तीसही उरलेली नाहीत. उरलेली कुठे गेली? एकदम नाही गेली. एक आज, एक पाच वर्षांनी, अशी एकेक करून गेली. त्यांच्या जागी उंच इमारती आल्या.

घर विकणाऱ्यांना आपण पटकन नावं ठेवतो. पण आजींचं बोलणं आठवा. दुरुस्तीचा खर्च मोठा. एका घराला पुढे चार-पाच वारस, आणि प्रत्येकाची अडचण निराळी. काही घरांत जुने भाडेकरू. १९४७ च्या भाडे कायद्यामुळे त्यांची भाडी वर्षानुवर्षं जवळजवळ तेवढीच राहिली, मग मालकाने दुरुस्ती करायची कशातून? आणि समोर बिल्डर उभा, मोठी रक्कम घेऊन. अशा वेळी 'नाही' म्हणणं सोपं नसतं.

तरीही काही जण 'नाही' म्हणतात. प्रसिद्ध वेशभूषाकार जेम्स फरेरा यांचं पिढीजात घर याच वाडीत. वाडी वाचावी म्हणून ते अनेक वर्षं बोलत आले आहेत. १९९५ मध्ये मुंबईत वारसा जपण्याचे नियम आले. त्यात खोताच्या वाडीलाही वारसा परिसर म्हणून स्थान मिळालं. त्यामुळे इथे पाडकाम-बांधकाम करण्याआधी नियम पाहावे लागतात. पण नियम काही कौलं परतून देत नाही! ती परतायला माणूसच लागतो.

दूरच्या बेटावरची भावंडं

अशी गोष्ट फक्त आपल्याकडेच घडते असं नाही. नकाशात इंडोनेशिया शोधा. त्यातल्या जावा बेटावर जकार्ता हे अवाढव्य शहर आहे. त्याच्या उत्तर टोकाला, मोठ्या बंदराजवळ, तुगू नावाची छोटीशी वस्ती आहे. सतराव्या शतकात डचांनी तिथे काही ख्रिस्ती कुटुंबं वसवली. ही पोर्तुगीजांच्या वसाहतींतून आणलेल्या आणि पुढे गुलामीतून सुटलेल्या लोकांची कुटुंबं. अशा लोकांपैकी कित्येकांचे पूर्वज आपल्याच देशाच्या किनाऱ्यावरून तिकडे नेलेले होते!

आज तुगूच्या भोवती कंटेनरचे ढीग आणि मालमोटारींची रांग आहे. पण तिथलं जुनं चर्च उभं आहे, आणि तिथले लोक गिटारसारख्या छोट्या वाद्यांवर 'क्रोंचोंग' नावाचं संगीत अजून वाजवतात. भोवतालचं सारं बदललं, तरी आजोबांनी वाजवलेली चाल नातू वाजवतो. तेवढ्यानेही वस्ती जिवंत राहते.

आमच्या बिल्डिंगच्या जागी काय होतं?

परतीच्या वाटेवर भाची गप्प होती. गाडी ग्रँट रोडला पोचली तेव्हा तिने एकदम विचारलं, "मामा, आमच्या बिल्डिंगच्या जागी आधी काय होतं?"

मला ठाऊक नव्हतं. तिच्या आईलाही नव्हतं. घरी गेल्यावर तिने आपल्या आजोबांना विचारलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "दुमजली चाळ होती. पुढे अंगण, अंगणात बकुळीचं झाड. आम्ही सगळी पोरं फुलं वेचायचो." आणि मग ते जेवणाची वेळ होईस्तोवर बोलत राहिले. कुठल्या खोलीत कोण राहायचं, नळावर भांडण कसं व्हायचं, झाड कधी तोडलं. भाचीने वही घेतली आणि आजोबा सांगतील तसा चाळीचा नकाशा काढला. बकुळीच्या जागी हिरवा गोल केला. त्या घरात याआधी कुणी आजोबांना हे विचारलंच नव्हतं!

तर मुलांनो, खोताची वाडी पाहायला जरूर जा. जाताना चार गोष्टी लक्षात ठेवा. हळू बोला. फोटोआधी विचारा. कुणाच्या व्हरांड्यात न बोलावता शिरू नका. कचरा टाकू नका. ते कुणाचं तरी घर आहे.

आणि जायला जमलं नाही, तरी एक काम घरबसल्या करता येईल. तुम्ही राहता त्या वाडीला, गल्लीला, आळीला हे नाव कसं पडलं? तुमच्या घराच्या जागी आधी काय होतं? आजी-आजोबांना विचारा, शेजारच्या काकांना विचारा, कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारा. जे कळेल ते वहीत लिहा, नकाशा काढा. पण हे काम सुट्टीवर ढकलू नका हं. सांगणारी माणसं आहेत, तोवरच विचारून घ्या!