कायमानावाचे घोडे

ऑकलंडहून वेलिंग्टनला मोटारने निघालात की डेझर्ट रोड लागतो. उजवीकडे रुआपेहू, डावीकडे लष्कराचा माळ. तिथेच कायमानावाचे रानटी घोडे चरतात. १९७९ साली होते जेमतेम १७४; संरक्षण मिळालं आणि १९९४ पर्यंत दीड हजारांवर गेले! दुर्मिळ वनस्पती तुडवल्या जाऊ लागल्या, म्हणून कळप तीनशेच्या आसपास ठेवायचं ठरलं. जादा घोडे हेलिकॉप्टरने हाकून आणतात. ज्यांना घर मिळालं ते वाचले, बाकीच्यांची वाट खाटीकखान्याची. घोडा हवा तर अर्ज करा, पैसे भरा, कुंपण दाखवा. कटकट खरी, पण सांभाळणारा पक्का आहे हे आधी कळायलाच हवं. ‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं आपण म्हणतो. इथे घोड्याला थांबायची सवड नसते, मंडळी!